यादवी आणि परचक्र : रशियन ललित वाङ्मयातील परका शिपाई

मराठीत घरच्या युद्धाला 'यादवी' म्हणतात आणि बाहेरच्या सैन्याच्या स्वारीला 'परचक्र'. पहिल्या शब्दामागे महाभारताचे मौसलपर्व उभे आहे. प्रभासक्षेत्री मद्यधुंद होऊन एकमेकांवर तुटून पडणारे सारे एकाच कुळाचे. ज्या एरका गवताच्या काड्या हाती घेताच मुसळे झाल्या, ते गवतही तेथल्याच किनाऱ्यावर उगवलेले. परके लोक त्या कथेत येतात ते सर्व संपल्यावर. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर चालून येतात आणि त्याचे गांडीव त्या वेळी निकामी ठरते. कुलक्षय आधी, लुटारू मागून, असा तो क्रम आहे. आणि या क्रमातच एक नैतिक निर्णय सामावलेला आहे. आभीरांना यादवांच्या नाशाचे कारण मानण्याची सोय व्यासांनी श्रोत्याला ठेवलेली नाही.

इतिहासात हा क्रम इतका स्वच्छ क्वचितच आढळतो. १९१७ साली झारचे साम्राज्य कोसळले, आणि पुढील पाच वर्षे रशियाच्या भूमीवर यादवी व परचक्र ही दोन्ही एकमेकांत गुंतून चालली. १९१८ च्या मार्चमध्ये ब्रिटिश नौसैनिक मुर्मान्स्कला उतरले, एप्रिलमध्ये जपानी सैनिक व्लादिवोस्तोकला. मे महिन्यात सैबेरियन रेल्वेमार्गावर पसरलेल्या चेकोस्लोव्हाक सैन्यदलाने बोल्शेविकांविरुद्ध शस्त्र उचलले. ऑगस्टात मित्रराष्ट्रांनी आर्खांगेल्स्क घेतले, आणि डिसेंबरात फ्रेंच सैन्य ओडेसात दाखल झाले. ब्रेस्त-लितोव्स्कच्या तहानंतर युक्रेनवर जर्मनांचा अंमल बसला होताच. अमेरिकेने उत्तरेत सुमारे ५,००० आणि सैबेरियात सुमारे ८,००० शिपाई धाडले. जपानच्या सैन्याची संख्या ७०,००० वर गेली. जर्मनीविरुद्धची पूर्व आघाडी पुन्हा उभारावी, बंदरांतील युद्धसाहित्य राखावे, अडकलेल्या चेक सैनिकांना वाट मोकळी करून द्यावी, अशी कारणे वेळोवेळी सांगितली गेली. १९१८ च्या नोव्हेंबरात जर्मनीने शस्त्रे खाली ठेवली तरी ही सैन्ये जागची हलली नाहीत, यावरून त्या कारणांचे वजन कळून येते. सोविएत पाठ्यपुस्तकांनी पुढे या साऱ्याला चौदा राष्ट्रांची स्वारी असे नाव दिले आणि यादवीच्या कथेत परचक्राला मध्यवर्ती स्थान बहाल केले.

या यादवीतून जे श्रेष्ठ ललित वाङ्मय निर्माण झाले ते वाचू लागले, की निराळाच अनुभव येतो. परका शिपाई त्यात जवळजवळ नाही. तो कुठे अफवा आहे, कुठे आकाशातील ठिपका आहे, तर कुठे धक्क्यापासून दूर जाणारे जहाज आहे. सत्तेच्या धाकाने लेखकांनी त्याला टाळले असेल म्हणावे, तर वस्तुस्थिती उलट आहे. परक्या शत्रूला खलनायक करणे हे त्या काळी सर्वांत निर्धोक होते. नियंत्रकाने त्याचे स्वागतच केले असते. तेव्हा ही अनुपस्थिती कलावंताने आपण होऊन निवडलेली आहे, आणि म्हणूनच तिचा अर्थ शोधण्याजोगा आहे.

मिखाईल बुल्गाकोव यांची 'श्वेत रक्षक' ही कादंबरी १९२५ मध्ये एका मॉस्कोच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. मासिकच बंद पडल्याने ती अपुरी राहिली आणि रशियात संपूर्ण स्वरूपात यायला १९६६ साल उजाडले. तिच्यातील काळ आहे १९१८ चा डिसेंबर, स्थळ कीव्ह, ज्याला लेखक केवळ 'शहर' म्हणतो. शहरावर हेटमन स्कोरोपाद्स्की याचे राज्य आहे आणि त्या राज्याखाली जर्मन संगिनींचा पाया आहे. परचक्राचे वास्तव बुल्गाकोव लपवीत नाही. खेड्यापाड्यांतून धान्य आणि जनावरे ओढून नेणारे जर्मन, त्यांच्याविषयी शेतकऱ्यांच्या मनात साचलेला द्वेष, डुकराच्या मोबदल्यात मिळालेली आणि विकणारीलाच डुक्कर म्हणून हिणवणारी पावती, हे सारे एक-दोन पानांत जळजळीत उपरोधाने येऊन जाते. पण ही पाने म्हणजे प्रस्तावना होय. कादंबरीचा खरा आरंभ होतो तो जर्मन निघून जाऊ लागतात तेव्हा.

परका शिपाई निघून जाण्याने कोण उघडे पडते, हा बुल्गाकोवचा प्रश्न आहे. एलेनाचा नवरा तालबेर्ग जर्मनांच्या गाडीतून बायकोला मागे ठेवून पसार होतो. खुद्द हेटमन डोक्याला पट्ट्या गुंडाळून, जर्मन अधिकाऱ्याचा गणवेश चढवून, जखमी म्हणून आपल्याच राजधानीतून बाहेर नेला जातो. या प्रसंगाला इतिहासाचा आधार आहे; परंतु त्याची अर्थपूर्णता बुल्गाकोवने ओळखली. इतके दिवस परक्याच्या बळावर मिरवणारा घरचा सत्ताधीश अखेर परक्याच्या अंगरख्यातच शिरतो. त्याच्यामागून सेनाधिकारी नाहीसे होतात, आणि बर्फात उभी राहतात ती कोवळी विद्यार्थी-सैनिकांची पोरे, ज्यांना कोणी कळविलेलेही नाही की लढाई संपली आहे. त्यांना परतवून स्वतः मशीनगनपाशी मरणारा नाय-तुर्स आणि सैनिकांच्या नावांचे कागद जाळून पलटण मोडणारा मालिशेव ही या कादंबरीतील खरी माणसे. अलेक्सेय तुर्बिन जेवणाच्या मेजावर संतापतो तो जर्मनांवर नव्हे. वेळेवर स्वतःचे सैन्य न उभारणाऱ्या हेटमनवर तो संतापतो.

आणि फ्रेंच? ते ओडेसात आले आहेत, निघाले आहेत, आज ना उद्या पोहोचतील, असे शहरात सर्वजण बोलतात. ते येत नाहीत. या अफवेचे कार्य बुल्गाकोवने फार सूक्ष्मपणे जाणले आहे. जोवर फ्रेंच येणार आहेत, तोवर कोणाला काहीच ठरवावे लागत नाही. घरच्या भांडणाचा निकाल बाहेरचा कोणीतरी लावील ही आशा माणसाला आपल्या कृतीच्या जबाबदारीपासून काही दिवस दूर ठेवते. आणि ते काही दिवस संपले म्हणजे जबाबदारी व्याजासकट दाराशी येते. हस्तक्षेपाच्या राजकीय इतिहासात ही गोष्ट क्वचितच नोंदली जाते, कारण न आलेल्या सैन्याची नोंद सेनादलांच्या दप्तरात नसते.

अतिपूर्वेकडील किनाऱ्यावर स्थिती अगदी वेगळी होती. तेथे परका शिपाई अफवा नव्हता. १९१९ च्या मार्चमध्ये आमूर प्रांतातील इवानोव्का हे गाव जपान्यांनी जाळले आणि २०० हून अधिक माणसे मारली. अशा प्रदेशातून आलेल्या लेखकांनी तरी परचक्राला मध्यभागी आणले असेल, अशी अपेक्षा साहजिक आहे. अलेक्सांद्र फादेयेव १९२० च्या एप्रिलमध्ये स्पास्कजवळ जपान्यांशी लढताना जखमी झाला होता. त्याच सुमारास त्याचा मावसभाऊ जपान्यांच्या हाती सापडून प्राणास मुकला. एवढे वैर गाठीशी असलेल्या या लेखकाची १९२७ मधील 'पाडाव' ही कादंबरी म्हणूनच विशेष न्याहाळण्यासारखी आहे. लेव्हिन्सनच्या गनिमी तुकडीचा पाठलाग जपानी आणि कोसॅक करीत आहेत. शेवटी एकोणीस जण उरतात. पण ज्या दोन प्रसंगांवर ही कादंबरी तोलली गेली आहे, त्यांत जपानी नाहीत. एकात मरणोन्मुख फ्रोलोवला बरोबर नेता येत नाही आणि शत्रूच्या हाती सोडवत नाही म्हणून त्याला विष देण्याचे ठरते. दुसऱ्यात भुकेल्या तुकडीसाठी लेव्हिन्सन एका गरीब कोरियन शेतकऱ्याचे एकुलते एक डुक्कर मारायला सांगतो, आणि तो म्हातारा त्याच्या पायांशी लोळण घेतो.

बुल्गाकोवच्या कादंबरीतील डुक्कर जर्मनांनी नेले होते. येथले डुक्कर क्रांतिकारकांनी नेले. हे साम्य योगायोगाचे असेल, पण त्यातून फादेयेवच्या प्रामाणिकपणाची खोली कळते. जपानी सैन्य त्याच्या कादंबरीत काळाच्या रेट्याचे काम करते. ते जवळ येत आहे, म्हणून घाई आहे. घाई आहे, म्हणून निर्णय घ्यावा लागतो. निर्णय मात्र लेव्हिन्सनचा आहे, आणि त्याचे पापही त्याचेच. जपान्यांमुळे विष द्यावे लागले असे म्हणून मोकळे होण्याची वाट फादेयेव त्याला देत नाही. आपल्या पक्षावर निष्ठा असलेल्या लेखकाने हे लिहावे, यात या कादंबरीचे मोठेपण आहे. पुढे सोविएत लेखकसंघाची सूत्रे सांभाळणाऱ्या फादेयेवला ही उंची पुन्हा गाठता आली नाही.

व्सेवोलोद इवानोव यांची 'चिलखती आगगाडी १४-६९' ही दीर्घकथा १९२२ मधली, अधिक ओबडधोबड आणि अधिक रंगांध. तिच्यात मुलांना जपान्यांच्या हातून गमावलेला वेर्शिनिन आहे, आणि रुळांवर आडवा पडून गाडी थांबविणारा चिनी सिन बिन-ऊ आहे. पण तिचे अविस्मरणीय पान एका अमेरिकन कैद्याचे आहे. जमाव त्याला ठार करू पाहतो. एका शेतकऱ्याला सुचते, की आधी याला समजावून पाहावे. भाषा कोणाला येत नाही. तेव्हा अब्राहाम आपल्या मुलाचा बळी देत असल्याचे जुने धार्मिक चित्र काढले जाते आणि त्यातील सुरीवाला, सरणावरचा मुलगा व आकाशातला देव यांना नवे राजकीय अर्थ चिकटवून क्रांतीचे प्रवचन होते. कैद्याला त्यातून एकच शब्द उमगतो, लेनिनचे नाव. तो ते ओरडतो आणि जमावाचा खुनशीपणा ओसरतो. हा प्रसंग प्रचार म्हणून वाचला तर भाबडा वाटेल. पण ते चित्र कसले आहे ते ध्यानात घ्यावे. बापाने मुलावर उगारलेली सुरी, म्हणजे यादवीचेच चित्र, आणि ते समजून घेण्यासाठी साक्षीला बसविलेला एक परका शिपाई! इवानोवला याची पूर्ण जाणीव होती की नाही हे सांगणे कठीण आहे. कृतीला ती आहे. १९२७ साली क्रांतीच्या दशवार्षिक उत्सवासाठी मॉस्को आर्ट थिएटरने या कथेचे नाटक रंगविले, तेव्हा बोल्शेविक नेत्याचे पात्र वाढविण्यात आले, शत्रू आणि मित्र यांच्या रेषा सरळ करण्यात आल्या. नाटक गाजले. कथेतील तो धुमसणारा गोंधळ, जो तिचा प्राण होता, त्यात विरळ झाला.

इसाक बाबेलच्या 'लाल घोडदळ' या १९२६ च्या कथासंग्रहाची भूमी पोलंड-रशिया युद्धाची, म्हणजे काटेकोर अर्थाने दोन राष्ट्रांच्या युद्धाची. तरी त्रुनोव नावाच्या तुकडीप्रमुखाची कथा येथे टाळून चालणार नाही. पोलिश वायुदलात स्वेच्छेने दाखल झालेल्या अमेरिकन वैमानिकांची एक तुकडी होती; तिची विमाने या कथेत येतात आणि मेजर फाँटलेरॉय हे नावही येते. त्रुनोव आणि त्याचा एक सोबती मशीनगन घेऊन उघड्यावर थांबतात, विमानांना अंगावर घेतात, आणि बाकीच्यांना रानात निसटायला वेळ मिळवून देतात. हे वीरमरण निखळ आहे. पण बाबेल कथा तेथून सुरू करीत नाही. आधी अंत्ययात्रा, मग मागे वळून त्याच सकाळी त्रुनोवने शरण आलेल्या कैद्यांना कसे मारले, त्याचा सविस्तर, असह्य वृत्तान्त. विमाने येतात तेव्हा वाचकाच्या मनावर त्या कैद्यांचे रक्त ओले असते. आकाशातून आलेला मृत्यू स्वच्छ आणि दूरचा. जमिनीवर हातांनी केलेला खून जवळचा. परक्या शत्रूने त्रुनोवला हुतात्मा केले, पण निर्दोष केले नाही. एकाच कथेत ही दोन्ही सत्ये धरून ठेवणे आणि त्यांची बेरीज-वजाबाकी न करणे, हे बाबेलच्या कलेचे मर्म आहे.

मिखाईल शोलोखोव यांच्या 'शांत डॉन' या महाकादंबरीत ब्रिटिशांचे रणगाडे आहेत, पुरवठा आहे, आणि कॅम्पबेल नावाचा एक रणगाडा-अधिकारी आहे. ग्रिगोरी मेलेखोव त्याच्याबरोबर दारू पितो. झाडाच्या सालीचे जोडे घालून रणगाड्यांवर धावून येणारी माणसे या इंग्रजाने पाहिली आहेत, आणि लाल पक्षच जिंकणार हे त्याला कळून चुकले आहे. ग्रिगोरी त्याला बजावतो, की मान शाबूत आहे तोवर घरी जा. या संवादात द्वेष नाही. परक्या घरच्या भांडणात शिरलेल्या पाहुण्याला द्यावा तसा तो कोरडा सल्ला आहे. ग्रिगोरीचा खरा क्रोध स्वपक्षाच्या फित्झहेलाउरोव या जनरलसाठी राखलेला आहे. १९२० च्या मार्चमध्ये नोव्होरोसिस्कच्या धक्क्यावर तो पोहोचतो, तेव्हा जहाजांवर त्याला जागा नसते. परके सैन्य येथे पाण्यावरची नाव होऊन जाते: ती कोणाला घेते, कोणाला ठेवते, एवढाच प्रश्न उरतो. कोसॅक मागे राहतात.

हे धक्क्याचे चित्र हस्तक्षेपाच्या एकूण स्वरूपाशी फार जुळते. मुर्मान्स्क, आर्खांगेल्स्क, ओडेसा, बाकू, व्लादिवोस्तोक: मित्रराष्ट्रांचे परचक्र मुख्यतः बंदरांना आणि तेथून निघणाऱ्या रेल्वेमार्गांना चिकटून राहिले. कोणत्याही सरकारला आपल्या थकलेल्या प्रजेकडून आणखी एक महायुद्ध मागण्याचे धैर्य नव्हते. १९१९ च्या एप्रिलमध्ये काळ्या समुद्रातील फ्रेंच नौसैनिकांनीच बंड केले. युद्ध जिंकून देण्यास ही मदत अपुरी होती. ते लांबविण्यास आणि श्वेत पक्षावर परक्यांचे हस्तक असल्याचा शिक्का मारण्यास मात्र पुरेशी ठरली.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावाच लागतो. वर उल्लेखिलेले बहुतेक लेखक कीव्ह, डॉन, गॅलिशिया येथील अनुभवांतून आले. आर्खांगेल्स्कजवळच्या मुद्युग बेटावर मित्रराष्ट्रांनी १९१८ मध्ये उघडलेल्या कैदखान्यात जे मेले, इवानोव्कात जे जळाले, त्यांच्या बाजूने पाहिले तर परक्या शिपायाला असे परिघावर ढकलणे हा मध्यवर्ती प्रदेशांचा स्वार्थ ठरतो. हा आक्षेप फेटाळता येण्यासारखा नाही. उत्तरेच्या त्या यातनांना बुल्गाकोव मिळाला नाही. परंतु ज्यांनी परचक्र आतून भोगले त्या फादेयेवने काय केले, हे वर पाहिले. यातनेचे माप आणि कादंबरीतील स्थान ही दोन्ही एकाच काट्याने तोलली जात नाहीत.

परक्याला मध्यभागी आणले म्हणजे काय होते, याचे उदाहरण चित्रकलेत सापडते. बाकूच्या २६ लोकनायकांना २० सप्टेंबर १९१८ रोजी कास्पियन समुद्रापलीकडील वाळवंटात गोळ्या घालण्यात आल्या. येसेनिनने १९२४ मध्ये त्यांच्यावर बॅलड लिहिले. त्यात ते मृत पुरुष रात्री उठून आपले शहर पाहायला परततात, आणि भर आहे तो त्यांच्या परतण्यावर. पुढच्याच वर्षी इसाक ब्रोद्स्कीने जे प्रचंड चित्र रंगविले, त्यात वधस्थळी ब्रिटिश अधिकारी उभे केले आहेत. अश्काबादच्या ज्या सरकारने हा वध घडविला ते ब्रिटिशांच्या आधाराने टिकून होते. ब्रिटिशांची जबाबदारी किती यावर वाद आहे, पण ती शून्य नव्हती. तथापि वधाची आज्ञा देणारे हात रशियन होते. त्या सरकारचा प्रमुख फुंतिकोव पूर्वी आगगाडीचा चालक होता, आणि १९२६ मध्ये बाकूत खटला चालून त्याला देहदंड झाला. एका कामगाराने कामगारांच्या पुढाऱ्यांना मारले, ही यादवीची कथा. ब्रोद्स्कीच्या चित्रातून नेमकी तीच पुसली गेली. चित्र पाहून निघणाऱ्या माणसाला संताप येतो, अस्वस्थता येत नाही.

परका शिपाई स्वतःच लिहू लागला, तर? यारोस्लाव हाशेक चेक सैन्यदलातून बाहेर पडून लाल सेनेत गेला आणि १९१८ च्या ऑक्टोबरात बुगुल्मा या गावाच्या कमांडंटचा सहायक झाला. प्रागला परतल्यावर १९२१ मध्ये त्याने त्या दिवसांच्या विनोदी कथा प्रसिद्ध केल्या. त्यांतील येरोखिमोव हा अधिकारी हुकूम काढतो, की सर्व निरक्षरांनी तीन दिवसांत लिहावाचायला शिकावे, अन्यथा गोळ्या घालण्यात येतील. हाशेक हसू शकतो, कारण त्या घरचा तो नाही. बंदुकीच्या टोकावर चाललेला लोकोद्धार त्याला सर्कशीसारखा दिसतो. त्या काळच्या कोणाही रशियन लेखकाला हे अंतर परवडणारे नव्हते. पास्तरनाकच्या 'डॉक्टर झिवागो' मध्ये लाल आणि श्वेत अशा दोन्ही पक्षांच्या सैनिकांच्या गळ्यात एकाच स्तोत्राचे ताईत सापडतात. तेथे विनोदाला जागा कोठून राहणार?

हाशेकने लिहिले, ज्या एका परक्या शिपायाने लिहिले नाही, तो भारतीय आहे. अश्काबादच्या त्याच सरकारच्या मदतीला १९१८ च्या ऑगस्टपासून मेशेदहून जनरल मॅलेसनने जे सैन्य पाठविले, त्यात १९ वी पंजाबी पलटण होती, मागाहून २८ वे घोडदळ आले. काआख्का आणि दुशाक या तुर्कमेन रेल्वेवरील ठाण्यांपाशी हे लोक ताश्कंदच्या लाल सेनेशी लढले; १४ ऑक्टोबरला दुशाकजवळ पंजाबी तुकडीची जबर हानी झाली. फ्रान्सच्या खंदकांतला पंजाबी शेतकरी मुल्कराज आनंद यांनी १९४० मधील 'अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स' मध्ये अमर केला. त्या लालसिंगला निदान शत्रू कोण हे सांगितले गेले होते. दुशाकच्या शिपायापुढे दोन्ही बाजूंना रशियन होते आणि दोन्ही क्रांतीचेच नाव घेत होते. एका मोडलेल्या साम्राज्याच्या घरभांडणात दुसऱ्या साम्राज्याने आणून उभा केलेला हा प्रजाजन, परक्यांतही परका. कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे? रशियन लेखकाने त्याला परिघावर ठेवले हे त्याच्या दृष्टीने योग्यच होते, कारण त्याचा प्रश्न घरचा होता. भारतीय लेखकाचा प्रश्न मात्र नेमका त्या परिघावरच उभा होता. १९१९ च्या एप्रिलच्या आरंभी ब्रिटिशांनी तो प्रदेश सोडला आणि पंजाबी शिपाई रेल्वे व वाळवंट मागे टाकून इराणच्या वाटेने परत निघाले. त्याच महिन्याच्या १३ तारखेला अमृतसरला, जालियनवाला बागेत, गोळीबार झाला.